झिबलचं गाणं

दिवाळीत नागपूरच्या रेडिओवाल्यांनी सावली गावच्या झिबलचं गाणं भरून घेतलं, आणि होळीच्या आत झिबल तिकडच्याच दवाखान्यात तापानं गेला. थोरल्या भावानं, नथ्थूनं, तिकडेच अग्नी दिला. ते गाणं आज संध्याकाळी लागणार होतं, आणि त्यांच्या आईला, सुगंधाबाईला, पोराचा आवाज एकदा ऐकायचा होता.

गल्लीत रेडिओ कोणाकडेच नव्हता, म्हणून नथ्थूनं सुटे भाग आणून स्वतःच जोडायला घेतला. आधी तो बोलेचना. एक तार बदलली तर शिट्टी वाजवू लागला. शिट्टी बंद केली तर धूर सोडू लागला. धूर थांबला तेव्हा दिल्ली बोलली, कोलंबो बोललं, नागपूर तेवढं मुकं.

“काऊन नथ्थूभाऊ,” शेजारचे बापूजी म्हणाले, “रेडिओ बनवून राह्यला का आगगाडी?”

“थांबा ना बापूजी, बोलते आता.”

शेवटी खोट सापडली. रेडिओच्या जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या तारेभोवतीची माती कोरडी ठक्क होती. सुगंधाबाईनं तिथं तांब्याभर पाणी ओतलं, आणि भर अंगणात झिबल गाऊ लागला. मध्ये एकदा खाकरलासुद्धा. बापूजींनी मान खाली घातली. नथ्थूला वाटलं, इतके दिवस दगडासारखी बसलेली आई आता तरी रडेल.

 

गाणं संपल्यावर सुगंधाबाई उठली, चुलीवरच्या आधणात मूठभर तांदूळ जास्तीचे वैरले आणि हसून म्हणाली, “मंग नथ्थू, तेरवी कोनाची केली रे तू?”