दिवा पेटला त्या क्षणाची नोंद

जुन्या हायब्रिड गाडीचा चेक इंजिन दिवा पेटल्यापासून जावयांनी दोष लेकीवर ढकलून चार महिने तिला गाडीला हात लावू दिला नव्हता. आज दोघे गाडीसह माझ्या गॅरेजमध्ये आले. "बाबा, कासवाच्या चालीने नेते, तरी इंजिन जाळते तुमची मुलगी." तंत्रनिकेतनात शिकलो होतो: आधी मोजावे, मग बोलावे. गाडीच्या संगणकाला स्कॅनर जोडला. दिवा पेटला त्या क्षणाची नोंद गाडी जपून ठेवते, हे जावयांना ठाऊक नव्हते. पडद्यावर बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा इन्व्हर्टर तापल्याचा दोष उमटला आणि खाली त्या क्षणाचा वेग: ताशी एकशे अडतीस. "जावईबापू, कासव एवढं धावतं का?" ते खाकरले. लेकीने आकडा दोनदा वाचला. इन्व्हर्टर थंड ठेवणारे कूलंट भरून मी दिवा विझवला आणि लेकीला चालकाच्या जागी बसवून दारे लॉक करायला सांगितले. "जावईबापू, बसस्टॉप डावीकडे आहे."