गब्दूची मान

"मान वाकडी का, हे सगळ्यांना हवंय," मुलाखत घेणारी मुलगी म्हणाली. "सिनेमापेक्षा त्या मानेचंच कौतुक जास्त चाललंय."

खोलीत दिवे इतके होते की कुणाची सावली म्हणून पडत नव्हती. एका खुर्चीवर सिनेमाचा दिग्दर्शक, शेजारच्या खुर्चीवर खेळण्यांच्या कारखान्यात नमुने शिवणारी बाई. तिला सगळे मावशी म्हणत. मावशींच्या मांडीवर गब्दू होता. कापडी गाढव, पोट सुटलेलं, मान एका बाजूला कललेली. दुकानादुकानांत जाऊन बसलेल्या गब्दूंमधला हा पहिला, मावशींनी हाताने शिवलेला. आज फार दिवसांनी तो घराबाहेर पडला होता. संध्याकाळी आपल्याबरोबर परत यावा, एवढं एकच मावशींना हवं होतं.

"सोपं आहे," दिग्दर्शक म्हणाला. असली उत्तरं त्याला तोंडपाठ असत. "मुलं बोलतात आणि गब्दू ऐकतो. मनापासून ऐकणाऱ्याची मान कलतेच. हे आमचं पहिल्या बैठकीतच ठरलं होतं."

पहिल्या बैठकीत या गृहस्थाने गाढवाऐवजी घोडा घ्या म्हणून सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं, पण ते असो.

"मावशी, बरोबर ना?"

मावशींनी गब्दूकडे पाहिलं. कारखान्यात रिवाज होता. नवा नमुना कुणीतरी घरी न्यायचा, मुलांना तो कुशीत घेऊन झोपू द्यायचं आणि शिवण उसवते का, केस गळतात का, ते बघून परत आणायचा. मावशींच्या घरी मूल नव्हतं. नवरा होता. रोज कामावरून आल्यावर तो पलंगावर पाठ टेकायचा, हात पसरायचा आणि म्हणायचा, "हं, सांग." मावशी दिवसभराचं सांगत बसायच्या. तो गेला त्याच वर्षी गब्दूचा नमुना तयार झाला. मावशी तो तपासायला घरी घेऊन गेल्या आणि परत आणायचं नाव काढीनात. पलंगावर नवऱ्याच्या जागी, आपल्या उजव्या हाताला, त्या त्याला निजवत आणि त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेत. रोज एकाच बाजूने दाबून मानेतला कापूस बसला. मान कलली ती कललीच. सिनेमाची चित्रं काढणाऱ्यांनी एक दिवस त्याला मागवून फोटो घेतले तेव्हा त्यांना वाटलं, हे असंच असायचं.

त्यात आणखी एक घोळ. कॉम्प्युटरवर तो फोटो कुणीतरी उलटा बसवला, आरशात दिसतो तसा. सिनेमातला गब्दू भलत्याच बाजूला मान टाकू लागला आणि दुकानांसाठीचे गब्दूही मग सिनेमाबरहुकूम. त्यांचं कापड मावशींनीच बेतलं. डाव्याचं उजवं झालंय हे त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण तोंड उघडलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, मुळात मान वाकलीच कशी? त्यांनी गुपचूप कात्री चालवली.

"मावशी?"

"साहेब म्हणतात तसंच," मावशी म्हणाल्या. "ऐकतो तो."

"किती गोड!" मुलगी म्हणाली. दिवे विझले.

जाहिरातीचं बघणारा माणूस काचेची पेटी घेऊनच उभा होता. "हा आता इथेच राहणार, दारात. येणारा-जाणारा आधी ह्यालाच बघेल. पण काय हो मावशी, इतके दिवस घरी कशाला ठेवला होता?"

"तपासायला."

"मग, झालं का तपासून?" तो हसत म्हणाला. आजूबाजूचेही हसले.

मावशींचा हात गब्दूच्या पोटावर होता. अजून नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं की कारण आलं, आणि ते या भरल्या खोलीत कोणत्या तोंडाने सांगायचं?

"झालं," त्या म्हणाल्या.

त्याने गब्दूला पेटीत बसवलं आणि एक नवा कोरा खोका मावशींच्या हातात ठेवला. "हा आमच्याकडून. नातवंडांना द्या."

घरी आल्या तेव्हा बाहेर अजून उजेड होता. कपडे न बदलताच मावशींनी खोका फोडला. नव्या गब्दूला गोदामाचा वास येत होता. तो घेऊन त्या आपल्या जागी आडव्या झाल्या आणि त्याला उजव्या हाताला निजवलं. त्याने मान पलीकडे टाकली. रुसून भिंतीकडे तोंड करावं तसा पडून राहिला. मावशींनी मान आपल्याकडे वळवली, दाबून धरली, सोडली. ती पुन्हा पलीकडे. कच्चं काम मावशींच्या हातून कधी झालंच नव्हतं.

त्यांना रडू आलं. थोडा वेळ त्या रडल्या.

मग उठल्या. गब्दूला आपल्या जागी सरकवलं आणि पलंगाला वळसा घालून नवऱ्याच्या जागी जाऊन पडल्या. तो गेल्यापासून त्या या बाजूला कधी निजल्या नव्हत्या. इथून खिडकी दिसत होती, आणि खिडकीच्या अलीकडे आपली उशी. उशीवरून गब्दूची मान आता त्यांच्याकडे कलली होती.

मावशींनी पाठ टेकली, हात पसरला.

"हं," त्या म्हणाल्या, "सांग."