गोदाक्कांची बायपास

"पेंटर, रस्ता झाला म्हणतात, झाली नव्हे!" फाट्यावरची पाटी वाचून गोदाक्का माझ्यावर कडाडल्या.

महामार्ग गावाबाहेरून वळवला, तेव्हापासून जुन्या रस्त्यावरच्या त्यांच्या मिसळीच्या हॉटेलात माशीसुद्धा फिरकेना. सोमवारी कायमचं कुलूप लावायचं ठरलं होतं. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी मला लिहायला सांगितलं होतं, 'बायपास झाला तरी हॉटेल चालू आहे.' मी लिहिलं, 'गोदाक्कांची बायपास झाली. गावातच आहेत. भेटून जा.'

"एक वेलांटीच तर दिली," मी म्हणालो. "बघा तर खरं!"

खोटं वाटेल, पण दुपारपर्यंत गाड्यांची रांग पार वेशीबाहेर गेली. आजारी माणसाला न भेटता पुढं जायची आपल्याकडं कुणाची छाती आहे? कुणी मोसंबी आणली, कुणी शहाळी. एक ड्रायव्हर तर चाळीस प्रवासी घेऊन आत आला. पेशंट स्वतःच रस्सा वाढताना बघून मंडळी चाट पडली.

"आक्का, टाके दुखत नाहीत?"

गोदाक्कांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा भरलेल्या बाकांकडं.

"दुखतात की! पण माणसं जेवताना बघितली की बरं वाटतं. पाव देऊ अजून?"

सोमवारी कुलूप लागलं नाही. उलट वर्षभरात गावात एवढी गर्दी झाली, की सरकारनं दुसरा बायपास मंजूर केला. मी घाबरत घाबरत बातमी सांगितली.

"होऊ द्या की!" गोदाक्का म्हणाल्या. "दुसऱ्यांदा झाली म्हटल्यावर लांबची माणसंसुद्धा येतील."