घरमालकाची सही

स्नेहल स्टुलावर चढून फोटोवरचा हार सरळ करत होती आणि हार काही सरळ व्हायला तयार नव्हता. पनवेलच्या बाजारातून आणलेला चंदनाचा हार होता तो, वर्षानुवर्षं टिकणारा. खालून ऋचा सांगत होती, "थोडा डावीकडे. आता उजवीकडे. बस, राहू दे, कॅमेऱ्यात कळणार नाही." गेले चार दिवस ती हे वाक्य दर अर्ध्या तासाने म्हणत होती.

सिनेमा ऋचाचा होता. लिहिला तिनेच, दिग्दर्शनही तिचंच. खांदा कॉलनीतल्या तिच्या दोन खोल्यांत कपडे, दिवे आणि भांडीकुंडी रचून झाल्यावर झोपायला फक्त गॅलरी उरली होती. स्नेहल कलादिग्दर्शक. वेशभूषाही तीच बघायची आणि चहाही तीच करायची. उद्या सकाळी सहाला शूटिंग सुरू व्हायचं होतं. नायिकेने नऊच दिवस दिले होते. ते हुकले असते, तर सहा वर्षं रखडलेला हा सिनेमा पुन्हा उभा राहणार नव्हता. हे दोघींनाही माहीत होतं.

शूटिंगचं घर हौसाबाईंचं. पनवेलबाहेर, उरणच्या रस्त्याला लागून असलेल्या गावातलं, कंटेनरच्या गाड्यांनी दिवसभर हादरणारं. घर द्यायला बाई एका पायावर तयार होत्या. अडलं होतं ते परवानगीच्या पत्रावर. त्यावर घरमालकाची सही असल्याशिवाय कॅमेरावाला सामान सोडणार नव्हता आणि घर होतं बाईंच्या नवऱ्याच्या, भगवानच्या नावावर. ऋचाने चार खेपा घातल्या. चारही वेळा एकच उत्तर. "ते भायेर गेलेत. आयले का करतील सही."

"मग तुम्हीच करा ना मावशी," तिसऱ्या खेपेला ऋचाने अक्षरशः हात जोडले होते. "हे बघा, इथे मालकाशी नातं लिहायला जागा आहे. पत्नी लिहू. चालतं तसं."

"नाय बाय. ते असताना मी कशी करू?"

कुठल्यातरी यार्डात पाळी असेल, ऋचाने मनाची समजूत घातली होती. पण असा कसा हा नवरा, कधी म्हणून घरी सापडत नाही? राग गिळून तिने चहा प्यायला होता.

आज बाई सकाळीच जासईला भाचीच्या साखरपुड्याला गेल्या होत्या. किल्ली देताना म्हणाल्या, "पायजे तसं मांडा. देवाऱ्याला तेवढा हात नका लावू." दोघींनी चपला अंगणाबाहेर काढल्या, देव्हाऱ्यापासून चार हात लांब राहिल्या, तुळशीला पाणीसुद्धा घातलं. आणि दुपारी लक्षात आलं की, कथेतल्या मेलेल्या वडिलांचा फोटोच आणलेला नाही. मेलेल्याला संवाद नव्हते, त्यामुळे त्या भूमिकेसाठी कुणाला घ्यायचं राहूनच गेलं होतं. भिंतीवर एक फोटो होता. पांढरा शर्ट, जाड मिशी, रंग उडालेला.

"कोण असेल गं हा?" स्नेहलने विचारलं होतं.

"सासरे असतील. घाल हार." दमलेला माणूस विचार करत नाही, उरकतो.

हौसाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा चार वाजले होते. अंगावर नवी साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांनी मांडामांड पाहिली, कौतुकाने हसल्या, आणि मग त्यांची नजर भिंतीवर गेली. त्या हसायच्या थांबल्या.

"ते आमचे हे हायेत," त्या म्हणाल्या.

ऋचाने स्नेहलकडे पाहिलं. जिवंत माणसाला हार! संपलं. घर गेलं, सही गेली, सिनेमा गेला. स्नेहल धडपडत पुन्हा स्टुलावर चढली. "मावशी, चुकलं आमचं. आत्ता काढते, आम्हाला खरंच माहीत नव्हतं..."

"राव दे."

बाई भिंतीला टेकून खाली बसल्या. पिशवी मांडीवरच होती. फोटोकडे बघतच त्या बोलल्या. "बंदरावर कामाला जातो सांगून गेले. एकोनीस वर्सं झाली. सगली बोलली, आता हार घाल. माजा देर बोलला, पोरगा बोलला. पोराने हार आनला पन. मी तो खाडीत टाकला. माजा हातच नाय झाला." बाहेरून एक गाडी गेली आणि भांडी थरथरली. "आता दमले बाय. रोज दोन मानसांचा भात घालून दमले."

ऋचाला स्वतःची लाज वाटली. चार खेपा ती या बाईच्या दारात बसली होती, चहा प्यायली होती आणि एकदाही धड काही विचारलं नव्हतं. "मावशी, आम्ही सामान काढतो. दुसरं घर बघू," ती म्हणाली. दुसरं घर नव्हतं, हे स्नेहलच्या चेहऱ्यावर दिसतच होतं.

"तुजा कागद कुटं हाय?"

ऋचाने पत्र पुढे केलं. हौसाबाईंनी पेन मुठीत धरलं आणि एकेक अक्षर काढत सही केली. मग कागद परत दिला. ऋचाने घाईघाईने उरलेली जागा भरायला घेतली. मालकाशी नातं, यापुढे तिने प लिहिला.

बाईंनी तिचा हात धरला.

"पत्नी नको लिवू," त्या म्हणाल्या. "विधवा लिव."