सोड्यातले बेदाणे

गुरुजी पुलावर दिसले, तशी जनाने सोड्याच्या बाटलीतली गोटी अंगठ्याने आत ढकलली. फस्स झालं. कुणी ऐकू नये म्हणून तिने बाटलीच्या तोंडावर पदर धरला आणि बाटली बर्फाच्या पेटीमागे सरकवली. बाजारातून वाट काढत गुरुजी दुकानाशी येईपर्यंत सोड्यातला निम्मा जीव निघून जायचा. उरलेला ती उंचावरून ओतताना काढायची.

कशेळ्याच्या बाजारात सोड्याचं दुकान एकच, जनाच्या वडिलांचं, सखारामशेठचं. गोटीची बाटली दुकानाबाहेर जाणार नाही, हा त्यांचा कायदा. मामलेदार आला तरी त्याने इथेच उभं राहून प्यावं आणि बाटली ठेवून जावं. म्हणून कमळाकर गुरुजी आपली सरबताची रिकामी बाटली घेऊन यायचे. त्यांची शाळा पलीकडच्या वाडीत होती आणि त्यांना पोरांना विज्ञान दाखवायचं होतं. सोड्यात बेदाणे टाकले की बुडबुडे त्यांना धरून वर आणतात, वर आले की बुडबुडे फुटतात, बेदाणे पुन्हा बुडी मारतात. असा त्यांचा नाच चालतो म्हणे.

"पण आमचे काही नाचत नाहीत," गुरुजी दर बाजारी येऊन सांगायचे. "तळाशी बसून राहतात. वाटेत सोडा हिंदकळतो, त्यानं होत असेल."

तसंच असेल, जना म्हणायची, पुढच्या वेळी जरा हळू न्या. गुरुजी मान डोलवायचे आणि पुढच्या बाजारी पुन्हा हजर.

बेदाणे नाचले असते तर गुरुजी पुन्हा कशाला आले असते? सोडा त्यांना आवडतही नव्हता, नाकात झिणझिण्या येतात म्हणायचे. जनाला मात्र गुरुजी आवडत होते. सरळ सांगायचं तर फार आवडत होते. आणि त्यांना बांधून ठेवायला तिच्याकडे मेलेल्या सोड्याखेरीज दुसरं काही नव्हतं.

दुकानाच्या पायरीवर पुतळाबाई अबोलीचे गजरे विकायला बसायच्या. गुरुजी वाडीत राहायचे ते त्यांच्याच पडवीत, जेवायचेही त्यांच्याकडेच. बाई एरवी फटकळ, पण गुरुजींचा विषय निघाला की तोंडात मिठाची गुळणी. जना दर बाजारी त्यांच्याकडून एक गजरा घ्यायची. यंदा त्यांची अबोली नुसती वेड्यासारखी फुलली होती. झाडाला घालता तरी काय, असं जनाने एकदा विचारलं, तर त्या म्हणाल्या, पाणी, दुसरं काय घालणार.

शिमगा झाला आणि सखारामशेठने जेवताना बातमी आणली. वाडीच्या शाळेत तपासणीला साहेब येणार होते. साहेब मोठा कडक. गेल्या साली एका मास्तरची पोरं नीट बोलली नाहीत, तर त्याला पार घाटापलीकडे धाडलं होतं. जनाच्या हातातला घास हातातच राहिला.

पुढच्या बाजारी गुरुजी आले ते नेहमीसारखे हसत. साहेब बेदाण्यांचा खेळ बघणार आहेत म्हणाले.

"आता बघू या, बेदाण्यांच्या मनात काय आहे ते."

जनाने मनात हिशेब केला. बेदाणे नाचले तर गुरुजींना तिच्या दुकानाची गरज उरणार नाही. नाही नाचले तर गुरुजीच घाटापलीकडे जाणार. तिने मागे वळून पाहिलं. वडील आत बर्फ फोडत होते. तिने एक न फोडलेली बाटली उचलली, गोटी घट्ट बसलीय ना ते अंगठ्याने चाचपलं आणि बाटली फडक्यात गुंडाळून पुढे केली.

"ही अशीच न्या. गोटी साहेबांच्या समोर फोडा," ती म्हणाली. "आन् बाबांना सांगू नका."

गुरुजींनी बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांचे कान लाल झाले. बाटली छातीशी धरून ते निघून गेले.

त्यानंतरच्या बाजारी जनाने गोटी ढकलली नाही. पुलाकडे बघायचंही नाही असं तिने ठरवलं होतं, पण मान आपोआप वळत होती. आणि गुरुजी आले. त्यांनी फडक्यातली रिकामी बाटली हळूच तिच्या हाती दिली.

"नाही नाचले," ते म्हणाले.

"साहेबांच्या समोर पन?"

"हललेसुद्धा नाहीत. साहेब बदलीचं काही बोलले नाहीत, तेवढं बरं. सोडा आपला न्यावाच लागणार." मग त्यांनी विचारलं, "सखारामकाका आहेत का आत? त्यांच्याशी जरा बोलायचं होतं."

ते आत गेले. जना बाटलीकडे बघत राहिली. न फोडलेल्या, जिवंत सोड्यातही बेदाणे हलत नाहीत म्हणजे काय? आपल्याच पापाचं हे फळ, असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले. ती पायरीवर पुतळाबाईंपाशी बसली आणि सगळं सांगून टाकलं. आजवर गुरुजींना सोडा मारून देत होते, पोरांचा खेळ मीच नासवला, तुमीच आता त्यांना सांगा.

पुतळाबाईंनी गजऱ्याची गाठ दाताने आवळली आणि तो जनाच्या वेणीत माळला.

"बेदानं पयल्या दिवसापासून नाचतात, गं," त्या म्हणाल्या. "माझ्या घरातलं लिंबू नि खायाचा सोडा नेतो तो शालेत. सायबानं पन टाळ्या वाजवल्या. तुझा सोडा तर तो येऊन माझ्या अबोलीला घालतो."