नेद्याल्काच्या नावापुढची जागा

रालित्साने तेच नाव पुन्हा टाकून पाहिलं आणि प्रोग्रॅम पुन्हा आडवा झाला.

काम साधं होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात बटण. ते दाबलं की प्रोग्रॅमने यादीत त्यांचं नाव शोधायचं, नावापुढचा घरच्या माणसाचा नंबर घ्यायचा आणि फोन लावायचा. पण कित्येक नावांपुढे नंबरच नव्हता. तिथे हात घातला की प्रोग्रॅम कोसळायचा. मागच्या आठवड्यात विदिन गावचा एक म्हातारा त्यापायी दुपारभर स्वयंपाकघरात पडून राहिला.

एवढा एक रकाना भरता येत नाही या लोकांना, असं रालित्सा सोफिया शहरातल्या ऑफिसात सगळ्यांना ऐकवत होती. शेवटी तिने दोन ओळी वाढवल्या. नंबर नसेल तर मदत केंद्राला लाव. चाचणीपुरता केंद्राच्या जागी स्वतःचा नंबर घातला, आणि शुक्रवारी घरी जायच्या घाईत काढायला विसरली. असलं विसरायला फार शिकलेलं असावं लागतं.

सोमवारी सकाळी तिचा फोन वाजला. आईचा असता तर वाजू दिला असता. नंबर अनोळखी, म्हणून उचलला.

"नेद्याल्का मार्कोवा यांनी बटण दाबलं आहे," यंत्र म्हणालं आणि त्याने फोन गळ्यातल्या बटणाला जोडून दिला.

नेद्याल्का तिची आई. चार यत्ता शिकलेली. बटण रालित्सानेच नवीन वर्षाला पाठवलं होतं, फॉर्म तुझा तू भर म्हणून. दर सप्टेंबरसारखी म्हातारी लेकीसाठी अंगणात मिरच्या भाजत होती आणि पाय घसरून पडली. रालित्साने दुसऱ्या फोनवरून शेजारच्या स्तोयानला पिटाळलं. त्याने तिला उठवून बाकावर बसवलं. मोडलं काही नव्हतं. बसवाल्याच्या हाती बरण्या धाडायला उशीर होणार, एवढंच तिचं रडगाणं.

रालित्साचा जीव भांड्यात पडला. सवयीने तिने पडद्यावरची नोंद पाहिली. नाव सापडलं. नंबर नाही. म्हणजे फोन लेकीला लागलाच नव्हता. कुणीच नाही म्हणून लागला होता.

"आई, फॉर्ममध्ये माझा नंबर का नाही लिहिलास?"



"तिथे छापलं होतं, जो फोन उचलतो त्याचा नंबर लिहा," नेद्याल्का म्हणाली. "मी खोटं लिहीत नाही गं."