उरलेला दगड

सगळं थडगं उभं राहिलं आणि एक दगड उरला.

शेळीएवढा दगड. एका बाजूने तासलेला, दुसऱ्या बाजूने ओबडधोबड. लग्नात दोन्हीकडच्यांपैकी कुणाच्याच ओळखीचा नसलेला पाहुणा असतो ना, तसा तो संग्रहालयाच्या दालनात मधोमध पडला होता.

"घड्याळ उघडून लावताना स्क्रू उरतो तसा दगड उरतो का, दगडूबाई?" संचालकांनी विचारलं.

दगडूबाई हे तिचं खरं नाव नव्हे. जुने दगड जोडायचं काम करते म्हणून संग्रहालयात ते रूढ झालं होतं, आणि एरवी तिला ते आवडायचंही. आज मात्र हसू येईना.

कुण्या जुन्या राजाचं हे थडगं धरणाच्या पाण्याखाली जायच्या बेतात होतं. तेव्हा ते दगड दगड करून सोडवलं ते तिच्या वडिलांनी. त्यांच्यासारखा पाथरवट शोधून सापडला नसता. प्रत्येक दगडावर त्यांनी आकडा रंगवला होता. पुढे सरकारी खाक्याने ते दगड वर्षानुवर्षं गोदामामागे उघड्यावर राहिले आणि आकडे धुऊन गेले. तिने जुने फोटो बघत, खाचेत खाच बसवत थडगं उभं केलं. भिंती हुबेहूब जमल्या. पण छताचा एकही फोटो नव्हता.

छताला चुना नाही, सिमेंट नाही. दगडाने दगडाला धरलेलं. उरलेला दगड तिथला असेल, तर ते छत आज ना उद्या खाली येणार, आणि तेही लोकांच्या डोक्यावर.

उद्घाटन दुपारी होतं.

"पुढे ढकला," ती म्हणाली.

"पाहुणे निघालेत. शाळेची मुलं बसमध्ये बसलीत. त्यांना काय सांगू, दगड उरला?"

"छत पडलं तर काय सांगाल?"

संचालकांचा चेहरा उतरला. "तुमच्या वडिलांनाच विचारा," ते म्हणाले. "ते म्हणतील ती पूर्व."

आप्पा तिच्या भावाकडे राहायचे. ऐकू कमी येऊ लागल्यापासून फोनवर येत नसत. खुशाली वहिनीकडून कळायची. या कामापायी तिला कित्येक महिने तिकडे फिरकता आलं नव्हतं, आणि ते तिच्या मनाला लागून होतं. ती पोचली तेव्हा आप्पा इस्त्रीचा सदरा घालून व्हरांड्यात बसले होते.

"चला आप्पा, तुमचं थडगं बघायला!" ती त्यांच्या कानाशी ओरडली.

शेजारीण दचकली. आप्पा हसले आणि निमूट उठले. वहिनी काहीतरी सांगायला फाटकापर्यंत धावत आली, पण हिला घाई. "संध्याकाळी निवांत बोलू गं," म्हणत तिने गाडी काढली.

वाटभर आप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. माणूस मूळचाच अबोल.

दालनात शिरल्यावर मात्र त्यांच्या अंगात तरतरी आली. भिंतीवरून तळहात फिरवला. सांध्यात नख घालून पाहिलं, नख शिरेना.

"सुरेख काम," ते म्हणाले. "हात चांगला आहे, बाई."

तिला भरून आलं. उभ्या जन्मात आप्पांनी तिच्या कामाला बरं म्हटलं नव्हतं. चूक काढली नाही म्हणजे कौतुक, असा त्यांचा हिशेब.

"आप्पा, हा एक उरला. कुठला असेल?"

आप्पा वाकले. दगडाची तासलेली बाजू चाचपली, मग ओबडधोबड बाजू. सगळे जागच्या जागी थिजले होते.

"दाराचा," ते म्हणाले. "आत राजा ठेवला की दार बंद करायचं. इथे तर माणसं आत सोडायचीत. मग दार उरणारच."

एकदम हशा उसळला. "काखेत कळसा नि गावाला वळसा!" म्हणत संचालकांनी कपाळावर हात मारून घेतला. दगड लावून बघायची सोय नव्हती. चाकाच्या खुर्च्या जाव्यात म्हणून दार केव्हाच रुंद केलं होतं. पण आता बघायचं तरी कशाला? ज्याने सोडवलं त्यानेच सांगितलं होतं.

फीत कापली. टाळ्या झाल्या. रांग आत सरकू लागली आणि मुलांचा गलका छताखाली घुमला. ती आप्पांना घेऊन बाहेरच्या बाकावर टेकली. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. तिने त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"आज तुम्ही होतात म्हणून निभावलं, आप्पा."

आप्पांनी सावकाश पाणी संपवलं, रुमालाने ओठ टिपले आणि तिच्याकडे वळून अदबीने हसले.

"फार केलंत माझं, बाई," ते म्हणाले. "पण ओळख लागली नाही. तुम्ही कुणाच्या?"